चार हजारांची वायर राहू द्या, आधी मागचे पोर्ट बघा

इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. पत्र लांब आहे, गाभा असा: हॉलमध्ये नवा ५५ इंची फोर-के टीव्ही भिंतीवर बसला. घरात एका जपानी कंपनीचा २००८च्या सुमाराचा ५.१ (पाच स्पीकर आणि एक खर्जाचा) अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याचे स्पीकर आहेत. सासऱ्यांनी हौसेने घेतलेले, म्हणून काढायचे नाहीत. डिशचा डबा, फायबरवाल्याचा डबा, मुलाचं प्लेस्टेशन ५ आणि सासऱ्यांचा सीडी प्लेअर, एवढं सगळं जोडायचं आहे. मेकॅनिकने सगळ्या वायरी अ‍ॅम्प्लिफायरमध्ये घातल्या आणि तिथून एक वायर टीव्हीला दिली. आता प्लेस्टेशन फोर-के दाखवतच नाही, फायबरच्या डब्यावर काही सिनेमे लावले की पडदा काळा होतो, आणि टीव्हीतल्या अ‍ॅपचा आवाज स्पीकरमधून येत नाही. जेल रोडवरचा एक दुकानदार म्हणतो, वायर जुनी झाली, सोन्याचा मुलामा दिलेली चार हजारांची 'एट-के' एचडीएमआय वायर (चित्र आणि आवाज एकत्र नेणारी) घ्या. वरच्या मजल्यावर खोलीचं काम चालू आहे, तिथे पुढेमागे प्रोजेक्टर लावायचा आहे. त्यासाठी १२ मीटरची एचडीएमआय वायर आत्ताच भिंतीत टाकून ठेवावी का?

ताई, ती वायर घेऊ नका. तुमच्या तिन्ही तक्रारींमध्ये वायरीचा दोष नाही. अ‍ॅम्प्लिफायर आपल्या काळाचा आहे आणि त्याला मध्ये बसवून त्याच्याकडून आजच्या काळाचं काम करून घेण्याचा प्रयत्न चालला आहे. त्याला वाटेतून काढून टोकाला बसवलं की सगळं सुरळीत होईल, आणि खर्च एका साध्या ऑप्टिकल (उजेडाने आवाज नेणाऱ्या) वायरीचा. मी इंदुरात घरोघरी हेच काम करतो. वायर बदलून सुटलेली घरं कमी आणि जोडणी बदलून सुटलेली घरं जास्त, असाच हिशोब आहे.

महाग वायरीने चित्र 'खुलतं' ही समजूत आली कुठून ते आधी सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी दुकानात बोलायला सोपं जाईल. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या जमान्यात ती खरीच होती. त्या वायरीतून विजेची लाट जशीच्या तशी जायची. वायर हलकी असली की लाट बिघडायची, चित्राला सावली यायची, रंग उतरायचे, आवाजात भुणभुण यायची. चांगली वायर लावली की फरक डोळ्यांना दिसायचा. एचडीएमआयचं पहिलं मानक २००२च्या डिसेंबरात आलं, आणि या वायरीतून जातात ते निव्वळ आकडे, एक आणि शून्य. पलीकडच्या टोकाला एवढंच ओळखायचं असतं की आलेला ठोका एकाचा होता की शून्याचा. तो ओळखता आला तर दोनशे रुपयांच्या वायरीतून आलेला आकडा आणि चार हजारांच्या वायरीतून आलेला आकडा एकच. त्यात जास्त काळा काळा किंवा जास्त लाल लाल असं काही राहत नाही.

मग खराब वायर ओळखायची कशी? ती लपत नाही. पडद्यावर पांढरे चमचमते ठिपके उडतात, मधूनच सेकंदभर पडदा काळा होऊन परत येतो, आवाज तुटतो, नाहीतर 'नो सिग्नल' येतं. नव्या २.१ मानकात वेग सगळ्यात वर असताना चुका दुरुस्त करायची सोय आतच दिलेली आहे, त्यामुळे तिथे ठिपके क्वचित दिसतात, चित्र असतं किंवा नसतं. पण 'चेहरे फिके वाटतात', 'क्रिकेटचं मैदान जरा निळसर दिसतं' असल्या तक्रारींचा वायरीशी काडीचाही संबंध नाही. त्या टीव्हीच्या पिक्चर मोडच्या तक्रारी आहेत. दुकानात लखलखाटात बघायला ठेवलेला 'व्हिव्हिड' मोड घरी तसाच राहिलेला असतो, तो 'सिनेमा' किंवा 'स्टँडर्ड'वर आणा.

सोन्याच्या मुलाम्याचं म्हणाल, तर तो पिनेला गंज चढू नये म्हणून असतो आणि स्वस्त वायरीलाही पातळसा असतोच. कोकणात समुद्राकाठी राहत असतात तर त्याचा विचार केला असता. माळव्यात कशाला?

वायरीत फरक करणाऱ्या गोष्टी दोन: तिची लांबी, आणि किती वेगाने आकडे नेण्यासाठी ती तपासून घेतली आहे ते. साधं फुल एचडी चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायला सेकंदाला साधारण ४.४६ गिगाबिट (म्हणजे ४४६ कोटी एक-शून्य) लागतात. फोर-के ३० वेळा पाठवायचं तर ८.९१, आणि ६० वेळा पाठवायचं तर १७.८२. म्हणून वायरींच्या पायऱ्या पडल्या आहेत. 'हाय स्पीड' म्हणजे १०.२ गिगाबिट, 'प्रीमियम हाय स्पीड' म्हणजे १८ आणि 'अल्ट्रा हाय स्पीड' म्हणजे ४८. २०२५मध्ये ९६ गिगाबिटचीही पायरी आली, पण तिची तुम्हाला आत्ता गरज नाही. खोक्यावरच्या '२.०', '२.१', 'एट-के', 'थ्री-डी' या शब्दांकडे बघू नका. आवृत्तीचा आकडा यंत्राच्या पोर्टला असतो, वायरीला तो लावायचा नाही असा मानकवाल्यांचाच नियम आहे. प्रीमियम आणि अल्ट्रा वायरीच्या खोक्यावर चमकत्या लेबलात एक क्यूआर कोड असतो. एचडीएमआयवाल्यांचं अ‍ॅप मोबाइलवर घेऊन तो दुकानातच स्कॅन करा. खरी असेल तर अ‍ॅप तसं सांगतं. दीड-दोन मीटरची अशी वायर हजाराच्या आत येते.

तुमच्या घरात मात्र एवढ्याचीही गरज नसावी. प्लेस्टेशन ५च्या खोक्यात अल्ट्रा हाय स्पीड वायर येते. ती बहुधा कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये पडली असेल आणि मुलाने हाताला लागली ती जुनी वायर लावली असेल. शोधा. डिशचा एचडी डबा फुल एचडीच्या पुढे जात नाही, त्याला जुनी कुठलीही धडकी वायर चालते. फायबरच्या डब्यासोबत आलेली वायर त्याला पुरते.

आता मूळ दुखणं. एचडीएमआयच्या वायरीत १९ पिना असतात आणि चित्राचे आकडे जायला लागण्याआधी दोन्ही टोकांना बरीच बोलणी होतात. डब्याकडून ५ व्होल्ट टीव्हीला जातात, टीव्ही 'मी आहे' असं कळवतो आणि मग आपली पत्रिका डब्यापुढे ठेवतो: मला एवढं रिझोल्यूशन चालतं, एवढे रंग, असला आवाज. या पत्रिकेला ईडीआयडी म्हणतात. डबा ती वाचून त्यात बसेल तेवढंच चित्र पाठवतो. मध्ये अ‍ॅम्प्लिफायर बसला की डब्याच्या हाती अ‍ॅम्प्लिफायरची पत्रिका येते, टीव्हीची नाही. २००८चं यंत्र म्हणजे एचडीएमआय १.३चा काळ. फोर-केचा उल्लेख मानकात आला तोच २००९च्या १.४ मध्ये, आणि सेकंदाला ६० चित्रांचं फोर-के आलं २०१३च्या २.० मध्ये. म्हणजे तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरला फोर-के नावाची गोष्ट माहीतच नाही. तो सांगणार, 'आमच्याकडे १०८०पी', म्हणजे फुल एचडी. प्लेस्टेशन निमूटपणे १०८०पी देतं. चाळीस हजारांची वायर लावली तरी उत्तर तेच.

काळ्या पडद्याचं कारण याच्याच शेजारचं आहे. चोरून नक्कल होऊ नये म्हणून सिनेमे कुलूप लावून पाठवतात, त्याला एचडीसीपी म्हणतात. फोर-के सिनेमांना या कुलपाची २.२ ही आवृत्ती लागते आणि ती वाटेतल्या प्रत्येक यंत्राकडे असावी लागते. तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरकडे जुनी आहे. काही अ‍ॅप समजूतदारपणे खालच्या दर्जाचं चित्र पाठवतात, काही सरळ काळा पडदा दाखवतात. म्हणून 'काही सिनेमे चालतात, काही नाही' असं तुम्हाला दिसतं.

तिसरी तक्रार आवाजाची. टीव्हीतच चालणाऱ्या अ‍ॅपचा आवाज टीव्हीत जन्मतो. तो अ‍ॅम्प्लिफायरकडे उलटा जायला हवा, आणि तुमच्याकडे असलेली एचडीएमआय वायर अ‍ॅम्प्लिफायरकडून टीव्हीकडे जाते. त्याच वायरीतून आवाज उलटा आणण्याची सोय म्हणजे एआरसी, आणि तीही १.४ सोबतच, २००९मध्ये आली. तुमच्या यंत्राला तिने एका वर्षाने हुलकावणी दिली.

तेव्हा जोडणी अशी करा. प्लेस्टेशन, डिशचा डबा आणि फायबरचा डबा, तिघांच्या एचडीएमआय वायरी थेट टीव्हीला. अ‍ॅम्प्लिफायर आणि टीव्हीमधली एचडीएमआय वायर काढून टाका. टीव्हीच्या मागे 'डिजिटल ऑडिओ आउट' किंवा 'ऑप्टिकल' लिहिलेलं चौकोनी छोटं भोक असतं, बहुतेक वेळा झाकण लावलेलं, आणि टीव्ही चालू असताना त्यातून लाल उजेड दिसतो. तिथून एक ऑप्टिकल वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या 'ऑप्टिकल इन'ला. चित्राचं काम टीव्ही करील, आवाजाचं काम अ‍ॅम्प्लिफायर, आणि दोघे एकमेकांच्या पायात येणार नाहीत.

प्लेस्टेशन कुठल्या एचडीएमआयला लावायचं तेही बघून घ्या. सगळे पोर्ट दिसायला सारखे, पण आतून सारखे नसतात. एखाद्या पोर्टशेजारी '४के १२० हर्ट्झ' असं बारीक छापलेलं असेल तर तो प्लेस्टेशनला द्या. ज्यावर 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' (एआरसीचीच पुढची आवृत्ती) आहे तो शक्य असेल तर मोकळा ठेवा, पुढेमागे साउंडबार घेतलात तर लागेल. कुठेकुठे हे दोन्ही एकाच पोर्टवर असतात, तेव्हा आत्ता खुशाल प्लेस्टेशन लावा. आणि टीव्हीच्या मेनूत त्या पोर्टचा पूर्ण वेग चालू करावा लागतो, हे दहांतल्या नऊ घरांत राहून गेलेलं असतं. सॅमसंगमध्ये त्याला 'इनपुट सिग्नल प्लस' म्हणतात, एलजीमध्ये 'एचडीएमआय डीप कलर', सोनीमध्ये 'एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट'मध्ये जाऊन 'एन्हान्स्ड' निवडायचं असतं. डिशच्या डब्याच्या पोर्टला हे चालू करू नका, जुने डबे कधीकधी त्याने गोंधळतात.

ऑप्टिकल वायरीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण आता तुमच्या सगळ्या आवाजाची भिस्त तिच्यावर आहे. ही तोशिबाने १९८३मध्ये काढलेली वायर, म्हणून तिला टॉसलिंक म्हणतात. आत तांबं नाही, प्लॅस्टिकचा पारदर्शक तंतू आहे आणि त्यातून लाल उजेडाची उघडझाप जाते. दोन्ही टोकांच्या पारदर्शक टोप्या काढल्याशिवाय ती बसत नाही. हसू नका, टोपीसकट दाबून पोर्टाचं झाकण मोडलेली घरं मी पाहिली आहेत. पिनेचा एक बाजूचा आकार तिरपा असतो, तो जुळवून हलकेच दाबा, 'टक' आवाज येतो. फर्निचरच्या मागे तिला काटकोनात मुडपू नका, तंतूला चीर पडली की ती गेलीच. पाच मीटरपर्यंत निर्धास्त वापरा, त्यापुढे हलक्या वायरी दगा देतात. तुम्हाला दोन-तीन मीटर पुरेल, आणि साधीच घ्या.

ही वायर नेते काय? दोन चॅनेलचा साधा पीसीएम आवाज, किंवा दाबून बांधलेला ५.१ डॉल्बी डिजिटल, किंवा तसाच ५.१ डीटीएस. यापलीकडचं काही नाही. ब्लू-रेवरचा, काहीही न गमावता बांधलेला ट्रूएचडी आवाज सेकंदाला १८ मेगाबिटपर्यंत जातो, तो यात मावत नाही. अ‍ॅपवाले आजकाल डॉल्बी डिजिटल प्लस पाठवतात, तोही यातून जात नाही, पण बहुतेक टीव्ही आतल्या आत त्याचा साधा डॉल्बी डिजिटल करून देतात. तुमच्या ५.१ स्पीकरांना तेवढं भरपूर. अ‍ॅटमॉस (वरूनही आवाज येणारा डॉल्बीचा प्रकार) मिळणार नाही, पण छतावर स्पीकर नसताना आणि अ‍ॅम्प्लिफायर २००८चा असताना तो तसाही मिळणार नव्हता.

आता सेटिंग, नाहीतर सगळं जोडूनही पाचांतले दोनच स्पीकर वाजतील आणि तुम्ही मला शिव्या द्याल. टीव्हीच्या साउंड मेनूत आधी आवाज 'ऑप्टिकल'ला वळवा. मग 'डिजिटल आउटपुट' शोधा. तिथे 'पीसीएम' असेल तर दोनच चॅनेल जातात. 'ऑटो', 'बिटस्ट्रीम', 'डॉल्बी डिजिटल' किंवा 'पास-थ्रू' यांपैकी जे असेल ते निवडा. प्लेस्टेशनमध्येही 'ऑडिओ फॉरमॅट' असा पर्याय आहे आणि तो आधीपासून 'लिनिअर पीसीएम'वर असतो. त्यातले ५.१ चॅनेल टीव्ही ऑप्टिकलमधून पाठवू शकत नाही, दोनावर आणतो. तिथे 'बिटस्ट्रीम डॉल्बी' करा. 'डीटीएस' नको, कित्येक नवे टीव्ही डीटीएस पुढे सोडतच नाहीत आणि मग नुसती शांतता मिळते. डिशच्या डब्यातही असाच पर्याय असतो. खात्री करायची तर अ‍ॅम्प्लिफायरच्या पुढच्या पट्टीवर बघा, 'डॉल्बी डिजिटल'चा दिवा लागला की काम झालं.

ऑप्टिकलची एक गैरसोय राहणार. तिच्यातून फक्त आवाज जातो, रिमोटचे हुकूम जात नाहीत. आवाज कमी-जास्त करायला अ‍ॅम्प्लिफायरचा रिमोट वेगळा हाती ठेवावा लागेल. एचडीएमआयमध्ये सीईसी नावाची एक पिन असते, तिच्यामुळे एका रिमोटवर सगळं चालतं. सॅमसंग तिलाच अ‍ॅनीनेट प्लस म्हणतो, एलजी सिम्पलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. नावं वेगळी, काम एक. सासूबाईंना दोन रिमोटांचा फार त्रास होत असेल तर नवा साउंडबार एआरसीला लावणं हा मार्ग आहे. पण सासऱ्यांच्या पाच स्पीकरांसमोर साध्या साउंडबारचा आवाज किरकिराच वाटेल, हे माझं स्पष्ट मत.

पुढे कधी अ‍ॅम्प्लिफायर बदललात तर ईएआरसी असलेला घ्या. साधा एआरसी ऑप्टिकलपेक्षा थोडाच पुढचा, डॉल्बी डिजिटल प्लसपर्यंत जातो आणि अ‍ॅपमधला अ‍ॅटमॉस त्यातूनच येतो. २०१७च्या २.१ मानकातला ईएआरसी ३७ मेगाबिटपर्यंत नेतो, म्हणजे न दाबलेला सगळा आवाज त्यात मावतो.

सासऱ्यांच्या सीडी प्लेअरचा मात्र टीव्हीशी संबंध ठेवू नका. कुमारजींची सीडी ऐकायला टीव्ही कशाला चालू करायचा! प्लेअरच्या मागे केशरी रंगाची गोल पिन असेल, 'कोअ‍ॅक्शियल' लिहिलेली. ती अ‍ॅम्प्लिफायरच्या तसल्याच केशरी पिनेला जोडा. सीडीचे आकडे सेकंदाला १.४११ मेगाबिट एवढेच असतात, या वायरीला ते काहीच नाही. बाजारात केशरी वायर मिळाली नाही तर जुन्या तिरंगी वायरीतली पिवळी काढून लावा. दोन्ही ७५ ओहमच्या, रंग सोडला तर एकच. लाल-पांढरी लावू नका, जवळच्या अंतरावर तीही बहुतेक वेळा चालते पण नेम नाही. वायर लावूनही आवाज आला नाही तर घाबरायचं कारण नाही. या वयाच्या अ‍ॅम्प्लिफायरांमध्ये कुठली पिन कुठल्या बटनाला, हे मेनूत 'इनपुट असाइन'मध्ये सांगावं लागतं. 'सीडी' बटनाला 'कोअ‍ॅक्शियल १' द्या. ऑप्टिकललाही तसंच 'टीव्ही' बटन द्यावं लागेल.

चित्र आणि आवाज पुढेमागे झाले, म्हणजे ओठ आधी हलतात आणि शब्द नंतर येतात, किंवा उलट, तर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये 'लिप सिंक' किंवा 'ऑडिओ डिले' मिळतो का ते बघा. आवाज आधी येत असेल तर तो तिथे मिलिसेकंदांत मागे ओढता येतो. आवाज उशिरा येत असेल तर टीव्हीतल्या 'डिजिटल आउटपुट डिले'चा आकडा शून्यावर आणा. खेळताना टीव्ही 'गेम मोड'मध्ये ठेवला की चित्राचा उशीर बराच कमी होतो.

भिंतीवरच्या टीव्हीबद्दल एक. चार हजारांची ती वायर अंगठ्याएवढी जाड आणि ताठ असणार. एचडीएमआयच्या पिनेला खटका नसतो, ती नुसत्या घर्षणाने बसते. भिंत आणि टीव्ही यांमध्ये दोन इंच जागा, त्यात ताठ वायर वाकवून घातली की तिचं सगळं वजन पोर्टावर येतं, आणि पोर्ट आत मदरबोर्डाला झाळलेलं असतं. पोर्ट सैल झालं की टीव्ही खोलावा लागतो. म्हणून बारीक, मऊ वायर घ्या. काटकोनी अडॅप्टर घेणार असाल तर तो वर वळणारा आणि खाली वळणारा असा दोन तऱ्हांचा मिळतो, तुमचं पोर्ट कुठल्या अंगाला तोंड करून आहे ते बघूनच घ्या.

आणि वायरी लावता-काढताना सगळ्या यंत्रांचे स्विच बोर्डावरून बंद करा, रिमोटने नव्हे. वरचेवर दिसणारी मेलेली एचडीएमआय पोर्टं याच एका सवयीने वाचतात. दोन पिनांच्या डब्यांचं आतलं धातूचं अंग अर्थिंगला जोडलेलं नसतं, त्यामुळे त्यावर थोडी गळतीची वीज साठलेली असते. हात लावला की मुंग्या येतात, ते हेच. तसला डबा चालू असताना एचडीएमआय खुपसली की ती वीज नाजूक पिनांमधून वाट काढते. टीव्ही, अ‍ॅम्प्लिफायर आणि डबे, सगळे एकाच थ्री-पिन बोर्डावर, चालू अर्थिंगसह घ्या. अर्थिंग खरंच चालू आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, जुन्या घरांत तिसरं भोक शोभेला असतं. पावसाळ्यात गच्चीवरच्या छत्रीची वायर हा आणखी एक धोका. विजा कडाडत असतील तर डबा बंद करून ती वायर मागून काढून ठेवावी. ऑप्टिकलचा इथे एक फायदा होतो, तिच्यात धातू नसल्याने टीव्हीला बसलेला झटका तिच्या वाटेने अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत पोचत नाही, आणि अर्थिंगच्या फरकाने स्पीकरमध्ये येणारी गुणगुणही येत नाही.

आता वरची खोली. वायर भिंतीत टाकावी का, याला माझं उत्तर: वायर नाही, पाइप टाका. एचडीएमआयचं मानक दर काही वर्षांनी बदलत आलं आहे आणि भिंतीत गाडलेली वायर बदलता येत नाही. इलेक्ट्रिशियन सवयीने २० किंवा २५ मिलिमीटरचा पाइप घालेल. एचडीएमआयचा पोर्टच १४ मिलिमीटर रुंद असतो, आणि वरचं प्लॅस्टिक धरून पिन २० मिलिमीटरच्या आसपास जाते. २५च्या पाइपात ती वळणावर अडकते. ४० मिलिमीटरचा घालायला सांगा, आणि कोपऱ्यात काटकोनी एल्बो नको, लांब वळणाचे बेंड हवेत. विजेच्या मेन वायरी त्याच पाइपात टाकू देऊ नका. त्यांची झिरी वेगळी, मध्ये निदान फूटभर अंतर ठेवून.

त्या पाइपात तांब्याची १२ मीटरची एचडीएमआय घालण्यात अर्थ नाही. १८ गिगाबिटला साधी तांब्याची वायर पाच मीटरपर्यंत भरवशाची, ४८ गिगाबिटला तीनच्या आसपास. १२ मीटरवर फुल एचडी कदाचित चालेल, फोर-के ६० वेळा चालणार नाही, आणि चाललं तरी वर लिहिलेले पांढरे ठिपके दिसतील. तिथे ऑप्टिकल एचडीएमआय घ्या, जिला बाजारात एओसी म्हणतात. टोकांना छोट्या चिपा विजेचा उजेड करतात आणि उजेडाची परत वीज करतात, मध्ये काचेचे तंतू. १५ मीटरची घ्या, म्हणजे दोन्ही टोकांना हात फिरवायला जागा राहील. वायर बारीक आणि हलकी असते, पण तिला दिशा असते. एका टोकावर 'सोर्स' आणि दुसऱ्यावर 'डिस्प्ले' लिहिलेलं असतं. उलटी घातली तर चित्र येत नाही, आणि हे पाइपात ओढून झाल्यावर कळतं तेव्हा इलेक्ट्रिशियन आणि तुम्ही एकमेकांची तोंडं बघत बसता. म्हणून ओढण्याआधी ती खाली हॉलमध्ये जमिनीवर पसरून, प्लेस्टेशन आणि टीव्ही जोडून अर्धा तास चालवून बघा. मग 'सोर्स' टोकावर ठळक पट्टी चिकटवा. इलेक्ट्रिशियनला सांगा की स्प्रिंगला पिन बांधून ओढायची नाही, पिनेमागच्या वायरीला बांधायची, आणि जोर लावायचा नाही. काच आहे आत.

त्याच पाइपात दोन कॅट-६ (नेटवर्कच्या) वायरीही टाका. एक इंटरनेटला. दुसरी राखीव, कारण कॅट-६वरून एचडीएमआय नेणारे एचडीबेसटीचे डबे मिळतात आणि ते १०० मीटरपर्यंत जातात. डबे महाग असतात, पण ऑप्टिकल वायर कधी मेली तर भिंत न फोडता काम भागतं. शेवटी पाइपात एक नायलॉनची दोरी सोडून ठेवा, दोन्ही टोकं बाहेर, गाठ मारून.

प्रोजेक्टर घ्यायला वर्ष-दोन वर्षं असतील तर आत्ता नुसता पाइप, कॅट-६ आणि दोरी एवढंच करा. एचडीएमआयची वायर प्रोजेक्टर घेतल्यावर, त्याचं पोर्ट बघून घ्यायची. आणि झिरी बुजवण्याआधी पाइपाचे फोटो काढून ठेवा, टेप भिंतीला धरून, म्हणजे उद्या प्रोजेक्टरचा स्टँड ठोकताना ड्रिल नेमकं पाइपात घुसणार नाही.